पाण्याखालची भिंत

मी फोटो काढतो. ज्यांचं गाव गेलं, दंगलीत घर जळलं, ज्यांना चूल विझवायलाही वेळ न मिळता उठून जावं लागलं, अशा माणसांचे. या कामाला शहरात एक भारदस्त नाव आहे. आमच्याकडे नाही. एकदा हिंगोलीहून गावी येताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या ओळखीच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “काय करून राहिला सध्या?”

“फोटो काढतो.”

“लग्नाचे?”

“न्हाई. घर पडलेल्या लोकायचे.”

त्यानं माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, “पडल्यावर काहून काढतो? उभं होतं तवाच काढायचे ना.”

पुढं चांगल्या शिकलेल्या लोकांनीही मला पुष्कळ प्रश्न विचारले, पण इतका नेमका कुणी विचारला नाही.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात आहे. म्हणजे सध्याचं. आधीचं धरणात गेलं. मी नव्या गावात जन्मलो, जुनं पाहिलेलं नाही, पण मला तिथं सोडलं तर मी वाट चुकणार नाही. कारण नव्या गावातले सगळे पत्ते जुन्या गावातले आहेत. डोंगरकडा या जवळच्या गावाहून पार्सल घेऊन येणारा माणूस दर वेळी नवा असतो आणि दर वेळी फसतो.

“चिंचेजवळचं घर कोनतं?” तो विचारतो.

“हे काय, हेच.”

“मंग चिंच कुठं हाय?”

“चिंच धरणात.”

“अन् घर?”

“चिंचेला लागून.”

बिचारा पार्सल ठेवतो आणि निघून जातो. मला लहानपणी हे सगळं साधं वाटायचं. प्रत्येक गावाला खाली पाण्यात आणखी एक गाव असतं, अशीच माझी समजूत होती.

आमच्या जुन्या घराच्या आणि शेजारच्या काकांच्या जुन्या घराच्या मध्ये एक भिंत होती. या भिंतीबद्दल मला सांगायचं आहे.

माझे वडील, म्हणजे दादा, आणि काका एका वयाचे. दोघांची मेंढरं एका कळपात चरली, दोघांची लग्नं एका मांडवात लागली. गाव उठायचं ठरलं तेव्हा लोकांना मुभा होती की आपापल्या घराचं लाकूड, दगड, दारं ज्यानं त्यानं काढून न्यावीत. सगळं गाव स्वतःला उतरवायला लागलं. बैलगाड्या भरून घरं वर चालली. दादांचं घर उतरलं, काकांचं घर उतरलं, आणि मधल्या भिंतीपाशी येऊन दोघं थांबले.

“भिंत आमची हाय. माझ्या बापानं बांधली,” दादा म्हणाले.

“माझ्या बापानं बांधली,” काका म्हणाले.

हे ठरवायची रीत आमच्याकडे आहे. दगडमातीची भिंत बांधताना जो मालक असतो तो दगडाची घडवलेली, सपाट बाजू आपल्या अंगाला घेतो. शेजाऱ्याच्या वाट्याला ओबडधोबड बाजू येते. त्याला आम्ही दगडाचं तोंड म्हणतो. दगडाचं तोंड ज्याच्याकडे, भिंत त्याची. वरचा गिलावा जरा खरडला असता तर दोन घटकांत निकाल लागला असता. पण आधी कोणाच्या बाजूनं खरडायचं? दादा म्हणाले, तुझ्या बाजूनं खरड. काका म्हणाले, माझ्या भिंतीला नख लावायचं न्हाई, तुझ्या बाजूनं खरड. पंच बसले, पंच उठले. गिलावा तसाच राहिला.

शेवटी माणसं गेली, गाड्या गेल्या, आणि त्या उघड्या रानात ती एकटी भिंत उभी राहिली. माय सांगते की कुणीतरी घर बांधायला घेऊन विसरून गेल्यासारखी ती दिसायची. त्या पावसाळ्यात पाणी चढलं. दादा आणि काका दोघंही भिंत बुडताना बघायला काठावर गेले होते. मध्ये एक म्हैस उभी करून.

तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद झालं. नव्या गावात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. अख्खं गाव विस्कटलं, भावाशेजारी भाऊ उरला नाही. पण या दोघांना मात्र प्लॉट शेजारी शेजारी निघाले. या वेळी दोघांनी आपापली वेगळी भिंत बांधली आणि मध्ये बोळ सोडला. तो इतका अरुंद आहे की त्यातून फक्त मांजर जातं. त्या मांजराच्या वाटेलाही दोघं “आमचा बोळ” म्हणतात.

माय आणि काकू यांनी या भांडणाला कधीच मान्यता दिली नाही. मागच्या दारानं वाट्या जायच्या, वाट्या यायच्या. दादा जेवताना म्हणायचे, “लोनचं औंदा झाक झालं.” माय म्हणायची, “व्हय, कैऱ्या चांगल्या निघाल्या.” लोणचं कोणाच्या घरचं आहे हे दादांना बराबर ठाऊक असायचं. त्या घरची बरणी संपली की ते मायला विचारायचे, “आपलं दुसरं लोनचं न्हाई का?”

अशा घरातून मी शिकलो. दादांनी जन्मभर मेंढरं राखली आणि मला एक दिवसही राखू दिली नाहीत, याचं ऋण मी कसं फेडणार आहे ते मला माहीत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. हिंगोलीला बी.ए. झालो तेव्हा दादांनी ते प्रमाणपत्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “फोटो बारका हाय तुझा.” नंतर वसमतला एका फोटो स्टुडिओत कामाला लागलो. तिथं मोंढ्यात, म्हणजे बाजारात, हळद आणि मांडवात हळद, असं सगळं पिवळं बघून बघून मला उजेड कळायला लागला. पुढं पुण्यात छायाचित्रणाच्या वर्गाला गेलो. तिथल्या सरांनी मला खूप दिलं. त्यांचा एक नियम होता: समोर जे घडतंय त्यात हात घालायचा नाही. तुम्ही साक्षीदार आहात. तुम्ही मध्ये पडलात की जे होतं ते राहत नाही.

मी तो नियम पाळत आलो. छावण्यांमध्ये, जळालेल्या वस्त्यांमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांत हिंडलो. सुरुवातीला मी त्यांना विचारायचो, तुमचं काय काय गेलं? ते सांगायचे, पण त्यांचे चेहरे बंद व्हायचे. मग एकदा एका बाईला मी सहज विचारलं, शेजारी कोण होतं आणि भांडण कशावरून व्हायचं? बाई एकदम ताठ बसली. शेजारणीच्या बोकडावरून, तिच्या तुळशीवरून, सांडपाण्यावरून, तासभर हातवारे करून बोलत राहिली. मधेच हसली. तो फोटो मी काढलेल्या चांगल्या फोटोंपैकी एक आहे. तेव्हापासून मी सगळीकडे हाच प्रश्न विचारतो. लोकांना वाटतं ही मोठी युक्ती आहे. मला दुसरं काही येत नव्हतं एवढंच.

मागे एका उन्हाळ्यात दादांचा फोन आला. पाऊस कमी झाल्यामुळं धरणाचं पाणी कधी नव्हे इतकं मागं हटलं होतं.

“चिंचेचं खोड दिसून राहिलं,” दादा म्हणाले. “कॅमेरा घेऊन ये.”

मला आनंद आवरेना. जुन्या गावाचा एकही फोटो कुणाकडे नाही. मी भराभर सांगायला लागलो, “दादा, मी आठ दिवस राहतो. सगळं गाव काढू. देऊळ, आड, एकेक जोतं...”

“गाव नको,” दादा म्हणाले. “भिंत काढ.”

तेव्हा मला त्यांची घालमेल कळली. काका चहाच्या हॉटेलात बसून, दादा ऐकतील अशा बेतानं म्हणायचे, “काही लोकायचे बाप भिंती बांधत नव्हते, नुसत्या बाता मारायचे.” दादांना भिंत काही परत मिळायची नव्हती. पण माझे आजोबा त्यांना सांगून गेले होते की ही भिंत मी बांधली. आता दादांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती. आपला बाप खोटं बोलत नव्हता हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि माझ्या कॅमेऱ्यानं गावाला दाखवायचं होतं.

मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दादांच्या खांद्यावर पहार, माझ्या खांद्यावर कॅमेरा. मागून माय भाकरी घेऊन. थोडं पुढं गेल्यावर मी वळून पाहिलं तर मायच्या शेजारी काकू होती, आणि त्या दोघींच्या मागून, स्वतःची पहार घेऊन, काका.

“ते काहून आले?” मी विचारलं.

“लक्ष ठिवायला,” दादा म्हणाले. “येऊ दे. बघू दे डोळे भरून.”

धरणाच्या पोटात उतरल्यावर सगळा राखाडी, भेगाळलेला गाळ. मधूनमधून दगडांच्या रांगा. चिंचेचं काळं खोड आणि बऱ्याच अंतरावर आडाचा गोल कठडा, एवढंच ओळखीचं. दादा चिंचेपासून पावलं टाकत आले आणि एका जागी पहार रोवली. काका आडापासून पावलं टाकत आले आणि दुसऱ्याच जागी पहार रोवली.

“त्येला सांग,” दादा मला म्हणाले, “तिथं आमचा गोठा होता. भिंत अलीकडं हाय.”

दोघं एकमेकांना हात लागेल इतके जवळ होते. तरी मी वळून म्हणालो, “काका, दादा म्हणतात तिथं आमचा गोठा होता.”

“त्येला सांग, गोठा रस्त्यात होता. अतिक्रमन होतं ते.”

“दादा, काका म्हणतात—”

“ऐकलं म्या. त्येला सांग, रस्त्यात तर तुमची न्हानी होती.”

“काका, दादांचं म्हणणं असं की न्हाणी जराशी—”

“तू जराशी काहून घातलं?” दादा माझ्यावर ओरडले. “म्हनलं तेवढंच सांग!”

माय आणि काकू तोवर चिंचेच्या खोडावर बसून सुपारी कातरत होत्या. काकू मायला म्हणाली, “बी.ए. केलं पोरानं, पन निरोप काही नीट सांगता येईना.”

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. दादांना चिंच पक्की आठवत होती, आड नाही. काकांना आड पक्का आठवत होता, चिंच नाही. दोघांची पावलं जुळवल्याशिवाय भिंत सापडणार नव्हती. मी तसं म्हणालो. दोघांनीही माझ्याकडे तुच्छतेनं पाहिलं. मग काका आडाच्या बाजूनं आणि दादा चिंचेच्या बाजूनं, एकमेकांकडे न बघता एकमेकांच्या दिशेनं चालायला लागले. फोटो सुंदर होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि चौकटीतले काका एकदम आखूड झाले.

वरचा गाळ वाळलेला होता, खालचा नव्हता. काका मांडीपर्यंत आत गेले होते.

“त्येला सांग, हलू नको म्हनावं!” दादा ओरडले.

“त्येला सांग, मी काय नाचून राहिलो का?” काका ओरडले.

मी मात्र जागच्या जागी. बोट बटणावर होतं. डोक्यात सर होते. समोर जे घडतंय त्यात हात घालायचा नाही. मी एक फोटो काढला. कदाचित दोन. तेवढ्यात मायची सुपारी माझ्या पाठीत बसली.

“मुडद्या, फोटो काढतो का? मानूस चाललं खाली!”

मी कॅमेरा गळ्यात टाकून धावलो, तर दादांनी हात आडवा करून मला थांबवलं. ते गाळाच्या काठावर उभे राहिले, कमरेवर हात ठेवले, आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा काकांशी थेट बोलले.

“आधी सांग. भिंत कोनाची?”

“माझी.”

“मंग ऱ्हाय तिथंच.”

“ऱ्हातो. माझ्याच जाग्यात हाय मी.”

“आहो,” काकू लांबून म्हणाली, “असंल तुमची भिंत. पन पाय काढा की आधी.”

दादांनी डोक्याचा पटका सोडला. त्याचं एक टोक मला दिलं, दुसरं काकांकडे फेकलं. आम्ही बापलेक पोटावर आडवे पडून ओढायला लागलो. काका थोडे वर आले आणि एकदम किंचाळले, “थांबा! वढू नका!”

“काय झालं?”

“दगड लागला पायाला! सरळ रांग हाय. भिंत हाय इथं!”

“तोंड कोनीकडं हाय?” दादांनी आडव्यानंच विचारलं.

“पायाला काय डोळे हायत का?”

“आंगठ्यानं बघ ना! गुळगुळीत कोनीकडनं लागतं?”

“आंगठा बधिर झाला, लेका!”

काका आता बाहेर यायला तयार नव्हते. जागा सोडली तर भिंत पुन्हा हरवेल अशी त्यांना भीती होती. शेवटी त्यांच्या बगलेला पहार रोवून खूण केली, तेव्हा कुठं ते निघाले. निघाले म्हणजे एका चपलेसह. दुसरी अजून तिथंच आहे.

भाकरी खाऊन आम्ही खणायला लागलो. दोन्ही बाजूंनी. चिखल काढायचा, तो परत आत सरकायचा. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भिंतीचे तळचे दगड उघडे पडले. आधी आमची बाजू. दादांनी हात फिरवला. ओबडधोबड. टोकं बाहेर आलेली. ते वळसा घालून काकांच्या बाजूला गेले, गुडघ्यावर बसले, तांब्यातलं प्यायचं पाणी दगडांवर ओतलं आणि पटक्याच्या टोकानं पुसलं. दगडाचं तोंड स्वच्छ दिसायला लागलं. सपाट, छिन्नीच्या बारीक रेघा असलेलं. एकाशेजारी एक, सगळे दगड काकांच्या घराकडे बघत होते.

काकांनी इतकी वर्षं या घडीची वाट पाहिली असणार. मला वाटलं, आता ते नाचतील. ते दादांच्या डोक्याकडे बघत राहिले. पटका नसलेलं दादांचं डोकं फार लहान दिसत होतं.

“तुझी हाय,” दादा म्हणाले.

“काय?”

“भिंत तुझी हाय म्हनलं. माझा बाप...” दादा थांबले. “म्हंजी माझा बाप बाताच मारायचा.”

“ए,” काका म्हणाले, “तुझ्या बापाला नाव ठिवू नको. दगड आमच्या म्हाताऱ्यानं आनला. पन माती तुझ्या बापानं तुडवली. पायानं. सगळा मातीचा गारा त्येचा हाय.”

“तुला काय ठाऊक?”

“म्हातारा सांगायचा माझा.”

“मंग इतकी वर्षं काहून न्हाई सांगितलं?”

“तू इचारलंस का? तू म्हनलास भिंत माझी. मंग मीबी म्हनलो माझी.”

दादा भिंतीकडे वळले. मग दोन दगडांच्या सांध्यात त्यांनी नख घातलं. आत अजून पांढरट माती होती, दगडासारखी घट्ट. ती निघेना. त्यांनी परत परत नख घालून पाहिलं.

काकांनी सांगितलं ते खरं होतं, की दादांचं ते डोकं बघून त्यांनी तिथल्या तिथं रचलं, हे मला अजून माहीत नाही. घरी येताना मी काकूला हळूच विचारलं. काकू म्हणाली, “मला काय म्हायीत? मी काय तवा गारा तुडवायला होते?” आणि मायकडे बघून हसली. माझं काम साक्षीदाराचं आहे, पण फोटोत दगड येतो, माती येते. कोणी तुडवली ते येत नाही.

त्याआधी, भिंतीपाशी असतानाच, मी कॅमेरा पिशवीत ठेवायला लागलो होतो. ज्या फोटोसाठी मला बोलावलं होतं तो आता दादांच्या विरुद्ध जाणार होता. दादांनी मला पाहिलं.

“ठिवून काहून राहिला? काढ की.”

“राहू द्या दादा.”

“राहू द्या कसं? इतक्या लांबून आला. काढ.” त्यांनी आणखी थोडं पाणी मागितलं. उरलेलं सगळं त्यांनी दगडांवर ओतलं, पुन्हा पुसलं, आणि दगडाचं तोंड नीट यावं म्हणून स्वतःची सावली बाजूला घेतली. काका भिंतीवर पाय ठेवून, एका चपलेत, फौजदारासारखे उभे राहिले. मग त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, पाय खाली घेतला आणि दादांना म्हणाले, “तूबी ये ना मधी. चिखल तर तुझाच हाय.”

मी फोटो काढला. चांगला आला.

मोठा करून घेतलेला तो फोटो दादांनी माझ्या हातातून घेतला आणि घरी न थांबता चहाच्या हॉटेलात गेले. मी मागोमाग गेलो. आत बाकड्यांवर नेहमीची माणसं होती, काका होते. दादांनी फोटो टेबलावर ठेवला.

“बघा,” ते म्हणाले. “भिंत त्येची हाय. तोंड त्येच्याकडं हाय.”

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, “म्हंजी इतकी वर्षं तुमचं...”

“माती आमची हाय,” दादा जरा मोठ्यानं म्हणाले. “सगळी. माझ्या बापानं तुडवली.” आणि त्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांनी बशीतला चहा सावकाश संपवला, बशी खाली ठेवली.

“म्हून तर पान्यात टिकली,” काका म्हणाले.